अँड्र्यूजच्या धाडीतील सैनिकांची कागदपत्रे नागपुरातून जमवताना : अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सेवेचे परीक्षण

नागपूर हे रेल्वेचे शहर आहे. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन मुख्य मार्ग येथे एकमेकांना भेटतात, मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे आणि अजनी परिसरातील कितीतरी घरांत दोन-दोन पिढ्यांनी इंजिनावर नोकरी केलेली आहे. त्यामुळे रेल्वेच्या इतिहासाची आवड असलेला नागपूरकर कधी ना कधी अमेरिकन यादवी युद्धातील 'अँड्र्यूजची धाड' या प्रसिद्ध धाडीपर्यंत पोहोचतोच, जिच्यात उत्तरेच्या सैनिकांनी शत्रूच्या प्रदेशातून चालते इंजिन पळवले होते. मला मात्र त्या पाठलागापेक्षा त्यात सहभागी झालेल्या माणसांचे कुतूहल अधिक आहे. ते कोण होते, कोणत्या पलटणीतले होते, मागे कोणाला ठेवून गेले आणि जे परतले त्यांचे पुढे काय झाले, हे मूळ कागदांवरून पाहावे या हेतूने मी त्यांची दप्तरे गोळा करीत आहे. त्यासाठी ज्या सेवेचा मुख्यतः उपयोग होतो, ती म्हणजे वॉशिंग्टन येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ऑनलाइन सूची आणि मागणीनुसार कागदांच्या प्रती पुरवण्याची तिची व्यवस्था. हे परीक्षण त्या सेवेचे आहे.

ही घटना ठाऊक नसेल तर सेवेचे गुणदोष समजणार नाहीत, म्हणून आधी तिची थोडी माहिती देतो. एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या जनरल ऑर्म्सबी मिचेल याला टेनेसीतून दक्षिणेकडे सरकून चॅटनूगा घ्यायचे होते. चॅटनूगाला कुमक पोहोचण्याचा सरळ मार्ग म्हणजे अटलांटाहून येणारी, जॉर्जिया राज्याच्या मालकीची, १३८ मैलांची वेस्टर्न अँड अटलांटिक रेल्वे. जेम्स अँड्र्यूज या केंटकीच्या नागरिकाने, जो हेर म्हणून काम करीत असे, योजना मांडली की साध्या वेषातील काही सैनिक घेऊन शत्रूच्या मुलखात शिरावे, एक गाडी ताब्यात घ्यावी आणि उत्तरेकडे येता येता तारा तोडत, रूळ उखडत, पूल जाळत यावे. ओहायोच्या २ऱ्या, २१ व्या आणि ३३ व्या पायदळ पलटणींतील २२ सैनिक पुढे आले. अँड्र्यूज आणि विल्यम कॅम्पबेल हे दोन नागरिक धरून एकूण माणसे २४ झाली, पण दोघे वाटेतच गळाले आणि दोघांची गाडी चुकली. १२ एप्रिलच्या सकाळी बिग शँटी येथे गाडी न्याहारीसाठी थांबली असता उरलेल्या वीस जणांनी 'जनरल' हे इंजिन तीन मालडब्यांसह पळवले. त्या स्थानकावर तारयंत्र नव्हते आणि जागा निवडण्याचे कारण तेच होते.

पुढचा भाग रेल्वेत काम केलेल्या वाचकाला लगेच उमजेल. मार्ग एकेरी होता. त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते, आणि आदल्याच दिवशी मिचेलने हंट्सव्हिल घेतल्यामुळे घाईने दक्षिणेकडे हलवलेल्या मालगाड्यांची अनपेक्षित रांग किंग्स्टनला अँड्र्यूजच्या वाटेत आली. आपण दक्षिणेच्या जनरल ब्यूरेगार्डसाठी दारूगोळा नेत आहोत असे सांगत त्याला तेथे तासाभराहून अधिक वेळ साइडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, काढावा लागला. तेवढ्या अवधीत गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर आणि कारखान्याचा फोरमन अँथनी मर्फी हे आधी पायी, मग ढकलगाडीवरून, मग एकामागून एक बदललेल्या इंजिनांवरून पाठीशी लागले. शेवटचे इंजिन 'टेक्सस' तर उलटे धावत होते. पावसाने भिजलेले लाकडी पूल पेटेनात. सुमारे ८७ मैलांनंतर, रिंगगोल्डच्या पुढे, 'जनरल'चे इंधन संपले आणि माणसे रानात पांगली. पुढील काही दिवसांत, गाडी चुकलेल्या दोघांसह, सगळे पकडले गेले. अँड्र्यूजला ७ जून रोजी आणि आणखी सात जणांना १८ जून रोजी अटलांटात फाशी देण्यात आले. उरलेल्यांपैकी आठ जण ऑक्टोबरमध्ये तुरुंग फोडून निसटले, तर सहा जण मार्च १८६३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले. त्या सहा जणांना २५ मार्च १८६३ रोजी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी सैन्याची अगदी पहिली 'मेडल ऑफ ऑनर' ही शौर्यपदके दिली, आणि त्यांतही पहिले पदक ३३ व्या ओहायोच्या जेकब पॅरट याला मिळाले.

आता सेवेकडे वळू. अभिलेखागाराची सूची कोणालाही मोफत पाहता येते, खाते उघडावे लागत नाही, आणि ज्या कागदांची छायाचित्रे तेथे चढवलेली आहेत ती पूर्ण आकारात उतरवून घेता येतात. शासकीय कर्मचाऱ्यांनी नोकरीत केलेले लेखन अमेरिकेत प्रताधिकारमुक्त असल्याने ती छापायला, व्याख्यानात दाखवायला किंवा लेखात वापरायला सहसा अडचण येत नाही. परदेशी माणूस म्हणून वेगळा दर नाही, कोणा विद्यापीठाचे पत्र लागत नाही, संशोधनाचे प्रयोजन कोणी विचारत नाही. एका देशाने आपल्या सैनिकांचे कागद जगातील कोणत्याही जिज्ञासूपुढे असे उघडे ठेवावेत, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

परंतु केवळ शोधचौकटीत नाव लिहून उत्तर येईल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. येथे कागद व्यक्तीच्या नावाने नव्हे, तर तो ज्या कार्यालयात निर्माण झाला त्या कार्यालयाच्या नावाने लावलेला असतो. सैनिकांच्या सेवापत्रिका अॅडज्युटंट जनरलच्या कार्यालयाच्या दप्तरात, म्हणजे गट क्रमांक ९४ मध्ये. पेन्शनच्या फाइली गट क्रमांक १५ मध्ये. लष्करी न्यायाधिकाऱ्याचे कागद गट क्रमांक १५३ मध्ये. ही रचना एकदा डोक्यात बसली की सूची अतिशय आज्ञाधारक होते. नागपूरच्या पुराभिलेखागारात ज्याने भोसलेकालीन मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पाहिले आहेत त्याला हे नवीन नाही, कारण तेथेही कागद कोणत्या दप्तरातून आला हे ठाऊक असल्याशिवाय माणूस सापडत नाही.

सेवापत्रिका म्हणजे काय, हे समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे. युद्धकाळात प्रत्येक कंपनीचे हजेरीपट साधारण दोन-दोन महिन्यांनी भरले जात. १८९० च्या सुमारास युद्धखात्याच्या अभिलेख व पेन्शन कार्यालयाने, पेन्शनचे दावे तपासणे सोपे व्हावे म्हणून, त्या हजेरीपटांतील आणि रुग्णालयांच्या, तुरुंगांच्या नोंदवह्यांतील मजकूर माणसागणिक लहान कार्डांवर उतरवून घेतला आणि एकेका सैनिकाची कार्डे एकेका पाकिटात ठेवली. म्हणजे आपल्या हाती येते ती युद्धातली मूळ नोंद नव्हे, तर सुमारे तीस वर्षांनी कारकुनांनी केलेली तिची नक्कल. ती काळजीपूर्वक केलेली असली तरी तिचे स्वरूप हजेरीचे आहे : हजर, गैरहजर, भरती कोठे, वय किती, पगार कोठपर्यंत दिला. धाडीसारख्या गुप्त कामगिरीची हकीकत कंपनीच्या हजेरीपटावर कोणी लिहीत नव्हते. त्यामुळे या पाकिटांतून धाडीची कथा शोधू पाहणारा निराश होईल. मात्र ज्याला भरतीची तारीख, गाव, वय, हुद्दा आणि कैदेनंतर पलटणीत परतल्याची नोंद हवी आहे, त्याला यापेक्षा भक्कम पुरावा दुसरा नाही.

ओहायोच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. दक्षिणेच्या सैनिकांच्या सेवापत्रिका संपूर्ण सूक्ष्मचित्रित (मायक्रोफिल्म) झाल्या आणि पुढे आंतरजालावर आल्या, पण ओहायोसारख्या उत्तरेच्या मोठ्या राज्यांच्या बाबतीत प्राधान्याने निर्देशिकाच, म्हणजे नावांची सूचीच, चित्रित झाली. ओहायोची ती निर्देशिका एम-५५२ या क्रमांकाने ओळखली जाते. म्हणजे फुलरच्या बाजूने लढलेल्या एखाद्या जॉर्जियाच्या शिपायाची कार्डे घरबसल्या पाहायला मिळतील, पण पॅरटचे पाकीट उघडून पाहायचे तर वॉशिंग्टनहून प्रत मागवावी लागेल. पदक मिळालेल्या पहिल्या सैनिकाविषयीही असेच आहे, ही गोष्ट मला सेवेच्या प्राधान्यक्रमातील खरी उणीव वाटते.

प्रतीची मागणी ऑनलाइन नोंदवता येते. सेवापत्रिकेसाठी एक आणि पेन्शन फाइलीसाठी वेगळा असे दोन अर्ज आहेत. नाव, राज्य, पलटण, कंपनी आणि युद्ध एवढे भरता आले पाहिजे, आणि कंपनी ठाऊक नसल्यास 'जॉन स्कॉट' किंवा 'जेम्स स्मिथ' अशा नावांच्या गर्दीत योग्य माणूस सापडणे कठीण. सेवापत्रिकेला ३० डॉलर आणि युद्धातील संपूर्ण पेन्शन फाइलीला, पहिल्या १०० पानांपर्यंत, ८० डॉलर असे दर अनेक वर्षे चालत आलेले आहेत. पैसे भरण्यापूर्वी त्या दिवशीचा दर पानावर पाहून घ्यावा. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू असावे लागतात. पत्रव्यवहार करणाऱ्याने वेळेचाही हिशेब ठेवावा, कारण वॉशिंग्टन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांनी मागे आहे. दुपारी पाठवलेल्या प्रश्नाकडे तेथील माणूस आपल्या संध्याकाळनंतरच पाहणार. अर्जात लिहिलेल्या माहितीवरच शोध घेतला जातो, म्हणून जे ठाऊक आहे ते सर्व लिहावे आणि जे केवळ अनुमान आहे ते लिहू नये.

३० डॉलर आणि ८० डॉलर यांत निवड करायची वेळ आली तर मी निःसंशय पेन्शन फाइल मागवण्याचा सल्ला देईन. सेवापत्रिका सैन्याने सैनिकाबद्दल लिहिली आहे. पेन्शनच्या फाइलीत सैनिक स्वतः, त्याची पत्नी, शेजारी, गावचा डॉक्टर आणि जुने सोबती बोलतात. १८६२ च्या कायद्याने युद्धात अपंग झालेल्यांना, तसेच मृतांच्या विधवांना, मुलांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईला पेन्शन दिली. १८९० च्या कायद्याने अपंगत्व युद्धातूनच आले असल्याची अट काढली. १९०७ च्या कायद्याने वयाच्या ६२ व्या वर्षापासून केवळ वयाच्या आधारे हक्क दिला. प्रत्येक कायद्याने वेगळा पुरावा मागितला आणि म्हणून प्रत्येक टप्प्यावर फाइल फुगत गेली : लग्नाचा दाखला, कौटुंबिक बायबलातील जन्मनोंदीचे पान, वैद्यकीय तपासणीत शरीराच्या आकृतीवर केलेल्या खुणा, आणि 'मी त्याला लहानपणापासून ओळखतो' अशी शपथपत्रे. ज्या धाडीत पकडलेल्या माणसांना साखळदंडात ठेवले गेले आणि पॅरटला साथीदारांची नावे सांगावीत म्हणून शंभराहून अधिक फटके मारले गेले, त्या धाडीतील माणसांच्या शरीरावर पुढे काय उरले हे पाहायचे तर तपासणीच्या या नोंदींकडे जावे लागते.

पेन्शन फाइलीकडे जाण्याची किल्ली म्हणजे टी-२८८ ही सर्वसाधारण निर्देशिका. तिची कार्डे आंतरजालावर आहेत आणि ती वाचायला शिकण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही. कार्डावर सैनिकाचे नाव, टोपणनाव असल्यास तेही, पलटणी, अर्ज केल्याची तारीख, अर्जदार कोण (सैनिक, विधवा, अल्पवयीन मूल की आई), अर्ज क्रमांक आणि मंजुरी क्रमांक एवढे असते. मंजुरी क्रमांक असेल तर फाइल त्या क्रमांकाखाली लावलेली असते. नुसता अर्ज क्रमांक असेल तर दावा नामंजूर झाला किंवा मध्येच थांबला असे समजावे. नामंजूर दाव्याची फाइलही मागवण्यासारखी असते, कारण हक्क सिद्ध करण्यासाठी कुटुंबाने दिलेले पुरावे तीत असतात.

नावांचा गोंधळ या विषयात विशेष आहे. १८ जून रोजी फाशी गेलेल्यांपैकी २ऱ्या ओहायोच्या शॅड्रॅकचे पहिले नाव कोठे फिलिप, कोठे पेरी, कोठे चार्ल्स असे येते आणि आडनावाचा शेवटही दोन रीतींनी लिहिलेला आढळतो. जेम्स स्मिथचे दुसरे नाव ओव्हिड. धाडीत विल्सन आडनावाचे दोन जण होते, त्यांतील जॉर्ज २ऱ्या पलटणीचा आणि फासावर गेलेला, तर जॉन आल्फ्रेड २१ व्या पलटणीचा आणि तुरुंगातून निसटून मार्क वुडसह चॅटाहूची नदीतून थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोहोचलेला. सूचीतील शोध अक्षरांवर चालतो, म्हणून प्रत्येक पर्यायी लेखन स्वतंत्रपणे टाकून पाहावे. शॅड्रॅक आणि जॉर्ज विल्सन यांना पदक मिळायला २०२४ साल उजाडले. त्यासाठीची परवानगी अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) २००८ मध्येच दिली होती. त्यांच्यासोबत फाशी गेलेल्या रॉस, रॉबर्टसन, स्कॉट आणि स्लेव्हन्स या सैनिकांचा गौरव एकोणिसाव्या शतकातच झाला होता. इतक्या उशिरा झालेल्या न्यायात जुन्या कागदांची जपणूक कामी येते, आणि अभिलेखागाराचे महत्त्व मला येथे सर्वाधिक जाणवते.

पूरक साधनांबद्दल थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय उद्यान सेवेची सैनिकांची नामसूची मोफत असून तिच्यात सुमारे ६३ लाख नावे आहेत. नाव आणि पलटण पक्की करण्यापुरती ती उत्तम, त्यापुढे तिचा उपयोग नाही. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खाते विनामूल्य उघडते आणि पेन्शनची निर्देशिका तेथे सोयीने पाहता येते. फोल्ड३ हे लष्करी कागदपत्रांचे संकेतस्थळ सशुल्क आहे. दक्षिणेच्या सैनिकांवर काम करायचे असेल तरच वर्गणी भरण्यात अर्थ आहे. ओहायो राज्याने १८८६ ते १८९५ या काळात छापलेली सैनिकांची अधिकृत नामावली बारा खंडांत असून तिचे दोनच खंड आपल्याला लागतात : २री पलटण दुसऱ्या खंडात, २१ वी आणि ३३ वी तिसऱ्यात. प्रत मागवण्याआधी कंपनीचे अक्षर या खंडांतून ताडून घ्यावे. धाडीतील २२ सैनिकांपैकी पाच २ऱ्या पलटणीचे, नऊ २१ व्या आणि आठ ३३ व्या पलटणीचे होते, एवढी चौकट समोर ठेवली की काम आटोपशीर होते.

मात्र धाडीची हकीकत स्वतः वाचायची तर सरकारने १२८ ग्रंथांत छापलेल्या युद्धाच्या अधिकृत दप्तराकडेच जावे. त्याच्या पहिल्या मालिकेतील दहाव्या खंडात लष्करी न्यायप्रमुख जोसेफ होल्ट यांचा मार्च १८६३ चा अहवाल आहे. सुटून आलेल्या सैनिकांच्या शपथेवरील जबान्या घेऊन तो लिहिलेला असल्यामुळे सेवापत्रिकेच्या कोरड्या कार्डांत जे नाही ते येथे भरून निघते. तो मोफत वाचता येतो आणि माझ्या मते अभिलेखागाराला पहिला डॉलर पाठवण्यापूर्वी तोच वाचावा.

हस्ताक्षराबद्दल नवख्या माणसाने घाबरू नये. कारकुनांची अक्षरे सरळ आणि एकसारखी आहेत. शपथपत्रांतील अक्षरे मात्र कधी कधी डोळ्यांची परीक्षा पाहतात. अभिलेखागाराने स्वयंसेवकांना सूचीतील कागदांचे लिप्यंतर करण्याची सोय दिली आहे, आणि इतरांनी उतरवलेला मजकूर छायाचित्राशेजारी ठेवून वाचणे हा शिकण्याचा उत्तम मार्ग आहे. नागपूरच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी हा उपक्रम आवर्जून सुचवेन, कारण मूळ साधन हाताळण्याची सवय त्यांना यात एक पैसाही खर्च न करता लागू शकते. उतरवलेल्या छायाचित्रांना पलटण, कंपनी, नाव आणि गट क्रमांक या क्रमाने नावे द्यावीत.

माझा या सेवेवरील खरा आक्षेप तिच्या रचनेबद्दल आहे. सगळी व्यवस्था पलटणीभोवती उभी आहे; ज्याला पलटण नाही त्याला पाकीट नाही. जेम्स अँड्र्यूज, ज्याने ही धाड आखली आणि चालवली, आणि विल्यम कॅम्पबेल, जो २ऱ्या ओहायोतील आपल्या मित्रांना भेटायला आला होता आणि त्यांच्यासोबत निघाला, हे दोघेही फासावर गेले. दोघेही नागरिक असल्याने सेवापत्रिकांच्या निर्देशिकेत त्यांना जागा नाही आणि सैनिकांचे पदकही त्यांना मिळू शकले नाही. चॅटनूगाच्या राष्ट्रीय दफनभूमीत ते इतर सहा जणांच्या शेजारी आहेत आणि तेथे ओहायोने उभारलेल्या स्मारकावर 'जनरल'ची प्रतिकृतीही आहे, परंतु सूचीत कोणी 'अँड्र्यूजची धाड' या नावाने शिरले तर या २४ जणांचे विखुरलेले कागद एका ठिकाणी जोडून दाखवणारे मार्गदर्शक पान समोर यायला हवे होते. तोवर या दोघांवर काम करणाऱ्याने होल्टच्या अहवालापासून सुरुवात करावी, त्यातील प्रत्येक नाव आणि तारीख वेगळी लिहून घ्यावी आणि मग गट क्रमांक १५३ च्या वर्णनयाद्या त्या तारखांनुसार पाहाव्यात.